अंगावर लाल-लाल ठिपके आले, लोकं म्हनतेत रक्त बिघडलं. कोनाले माहीत असन तर सांगा

पराटीवाला_आर्णी
राम राम सगळ्याइले. पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घेजा. माझं वय ४३, साडेसहा एकर वावर हाये, पराटी अन् तूर. मागच्या आठवड्यात फवारणी करून घरी आलो, न्हानीत पाठ घासून द्याले बायकोले आवाज देला, तं ती घासता घासता थांबली अन् म्हने अवो हे काय झालं तुमच्या पाठीले. मले वाटलं किडा-बिडा चावला असन. मंग तिनं मोबाईलचा टॉर्च लावून मोजले, पाठीवर १७, पोटावर ६ अन् दंडावर २. लाल भडक ठिपके, खसखशीएवढे लहान, दोन-तीन तं तुरीच्या डाळीएवढे. दुखत नाई, खाजवत नाई, कवा आले तेही माहीत नाई.

दुसऱ्या दिवशी पारावर दाखवले तं एक म्हने रक्त बिघडलं, एक म्हने लिवर गेलं, एकानं सरळ कॅन्सरच सांगतला. फवारणीचं तं डोक्यात हायेच, २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन लोकं गेले ते आमी डोळ्यानं पाह्यलं हाये, तवापासून अंगावर काहीबी निघालं का पहिली शंका औषधाचीच येते. चार रात्री झाल्या नीट झोप नाई. पोरगी दहावीले हाये, तिच्यासमोर काही बोलत नाई. कोनाले असं झालं असन तर सांगा बाप्पा.

संत्र्याची_बाग
भौ घाबरू नको. उष्णता असन. सकाळी कडुनिंबाचा रस घे १५ दिवस अन् वांगं, अंडं, शेंगदाने बंद कर.

मोर्शीकर
फोटो टाका ना भाऊ, असं सांगून काय समजते.

उपकेंद्रातली_ताई
भाऊ, मी दारव्हा भागात उपकेंद्रात नर्स आहे, बारा वर्षं झाली. फोटो टाकाच पण त्याआधी मला काही गोष्टी सांगा, कारण लाल ठिपका म्हटला की आम्ही पहिले हेच विचारतो. ताप आहे का, किंवा मागच्या दहा दिवसांत येऊन गेला का? हिरड्यातून, नाकातून रक्त? लघवी लाल, संडास काळी डांबरासारखी? ठिपका बोटाला लागतो का, म्हणजे डोळे मिटून हात फिरवला तर किंचित उंच लागतो की कातडीच्या आत सपाट आहे? आणि रोज नवे येऊन राहिले का एवढेच आहेत? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हार्टवाल्यांना देतात ती?

आणि एक करा. घरातला साधा काचेचा ग्लास घ्या, स्वच्छ पुसून ठिपक्यावर दाबून धरा आणि काचेतून पाहा लाली जाते का राहते. दिवसाउजेडी करा, अंगणात, बल्बखाली नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाल रंग बल्बखाली काळपट दिसतो आणि मग माणूस भलतंच समजतो.

पराटीवाला_आर्णी
ताई, ताप नाई, रक्त कुठूनच नाई, भूक चांगली हाये. गोळी कोनतीच चालू नाई. ग्लास लावून पाह्यला. मोठा ठिपका दाबल्यावर थोडा फिक्का होते पन पुरा जात नाई. लहान तं तसाच राह्यते. बोटाले लागते, उंच हाये. आज बायकोनं भिंग लावून पाह्यलं (माह्या बापाचं पेपर वाचाचं भिंग हाये), तं ती म्हने आतमंदी लाल मन्यांचा झुपका दिसते, डाळिंबाचे दाने कसे चिकटून राह्यते तसा. कड एकदम गोल, बाजूची कातडी साफ.

अन् एक गोष्ट ध्यानात आली. हे करत होतो तं माय बाजूले बसली होती, ६८ वर्षांची. तिनं पोलकं जराशी वर करून पोट दाखवलं, तं तिच्या पोटावर माह्यापेक्षा जास्त! म्हने मले तं तुह्या लग्नाच्याही आधीपासून हायेत.

त्वचेचा_डॉक्टर
पराटीवाले भाऊ, तुमची आई तिथेच बसली होती हे फार बरं झालं, अर्धं निदान तिनंच केलं.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, विदर्भातच प्रॅक्टिस करतो. न पाहता पक्कं सांगणं बरोबर नाही म्हणून प्रत्यक्ष दाखवाच, पण तुम्ही जे वर्णन केलं, गोल, उंच, लाल भडक, न दुखणारा, वर्षानुवर्षं तसाच, भिंगातून लाल मण्यांचा झुपका, ते चेरी अँजिओमाचं आहे. आपल्याकडे याला लाल तीळ म्हणतात आणि नाव चपखल आहे. कातडीच्या वरच्या थरात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यातल्या काही एका जागी वाढून, फुगून गुच्छ करतात, आणि त्या वाहिन्यांमधलं रक्त आपल्याला वरून लाल दिसतं. रक्त बिघडलेलं नाही, सांडलेलंही नाही. ते वाहिनीच्या आतच आहे, फक्त वाहिन्यांची तिथे गर्दी झाली आहे. दाबल्यावर थोडं फिकं होऊन पूर्ण जात नाही ते त्यामुळेच, गुच्छातलं रक्त सहज बाहेर ढकललं जात नाही.

साधारण तिशीनंतर दिसायला लागतात आणि वयाबरोबर वाढत जातात. १ ते ५ मिलिमीटर, कधी सेंटीमीटरभर. पोट, छाती, पाठ, दंड या जागा नेहमीच्या. घराण्यात असतात. बाईमाणसांना गरोदरपणात जास्त येऊ शकतात आणि बाळंतपणानंतर काही कमीही होतात. संसर्गानं पसरत नाहीत, बायकोला-पोरांना लागत नाहीत. वांगं, अंडं, शेंगदाण्याचा काही संबंध नाही, संत्र्याची बाग वाल्या दादांनी राग मानू नये, पण शेतात राबणाऱ्या माणसाचं अंडं-शेंगदाणे बंद केले तर नुकसान त्याचंच आहे. आणि एवढ्या ठिपक्यांवरून लिव्हर गेलं असं कुणी म्हणू नये.

कॅन्सरची भीती आजची नाही. लंडनमध्ये मिडलसेक्स हॉस्पिटलात कॅम्पबेल डी मॉर्गन नावाचे सर्जन होते, १८७६ साली वारले, त्यांना आपल्या कॅन्सरच्या रुग्णांच्या अंगावर हे ठिपके दिसले आणि वाटलं की हे कॅन्सरचं लक्षण. पुढे लोकांनी निरोगी माणसं तपासली तर त्यांच्याही अंगावर तेच, उतारवयात तर बहुतेकांच्या. म्हणजे कॅन्सरचे रुग्ण वयस्क होते म्हणून ठिपके होते, एवढंच. संबंध खोटा ठरला, पण त्यांचं नाव मात्र ठिपक्यांना चिकटून राहिलं, अजूनही पुस्तकात डी मॉर्गन स्पॉट्स म्हणतात. तुमच्या पारावरच्या माणसाला जे वाटलं तेच दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या सर्जनला वाटलं होतं, त्यामुळे त्याला बोल लावू नका.

फवारणीबद्दल. औषध अंगावर पडून जे होतं ते वेगळं दिसतं, आग होते, खाज सुटते, जिथे थेंब किंवा ओला शर्ट लागला तिथे कातडी लाल होऊन सोलते, आणि ते काही तासांत, दिवसात कळतं. पाठीवर सुटे-सुटे गोल मणी असे येत नाहीत. तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क आणि घरी आल्याबरोबर साबणानं आंघोळ सोडू नका, ते दुसऱ्या कारणांसाठी तितकंच लागतं.

मोर्शीकर
डॉक्टर साहेब मस्त समजावलं. म्हणजे इलाज काहीच नाही?

त्वचेचा_डॉक्टर
गरजच नाही. आलेला ठिपका बहुतेक वेळा स्वतःहून जात नाही, पण त्रासही देत नाही. दिसायला नको असेल किंवा ब्लाऊजच्या काठाला, बनियनच्या पट्ट्याला घासून वारंवार रक्त येत असेल तर काढता येतो, विजेच्या बारीक सुईनं जाळून नाहीतर लेझरनं. काही मिनिटांचं काम. फक्त सावळ्या कातडीवर जाळलेल्या जागी काळा डाग राहू शकतो, काही महिने किंवा जास्तच, हे आधी विचारून घ्या. पुष्कळ लोक लाल ठिपका काढून काळा डाग विकत घेतात.

गाडगेनगरची_सून
मला इथं काहीतरी लिहायचंच आहे, मोठं होईल पण वाचा. लाल ठिपका काही करत नाही हे खरं असेलच पण आपण त्याला जे करतो ते फार वाईट असते, आमच्या घरी झालं म्हणून सांगते.

माझ्या सासऱ्यांच्या छातीवर असाच एक होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. दाढी करताना एकदा टॉवेल लागला आणि त्यातून रक्त आलं, थांबतच नव्हतं म्हणून ते घाबरले. मग शेजारच्या एका बाबांनी सांगितलं, चामखीळ आहे, बिब्बा लावा, मुळापासून जाते. सासऱ्यांनी कोणाला न सांगता दुपारी बिब्बा घेतला, चिमट्यात धरून दिव्यावर गरम केला, दाभणानं टोचला आणि तेलाचा थेंब त्या ठिपक्यावर ठेवला. आम्ही निंदणावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर बनियन काढून बसले होते, काहीच बोलत नव्हते.

रात्री बिब्बा उतला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, एक थेंब होता, पण सकाळपर्यंत छातीवर तळहाताएवढी जागा काळी-लाल, वर पाण्याचे फोड, कड सुजून वर आलेली. त्याच हातानं डोळा चोळला होता म्हणून एक पापणी पूर्ण बंद. आणि तेल जिथं ओघळलं तिथं पोटापर्यंत एक रेघ, नांगराच्या तासासारखी सरळ. आठ दिवस झोपता येत नव्हतं त्यांना, उताणं नाही कुशीवर नाही. सासूबाई खोबरेल लावून-लावून थकल्या. तालुक्याला नेलं तिथल्या डॉक्टरनं चांगलं पाहिलं, औषध दिलं, बरं झालं पण दीड महिना गेला आणि तुरीचा हंगाम तसाच गेला.

आता छातीवर पांढरट-काळा चट्टा आहे, आणि त्याच्या मधोमध तो लाल ठिपका अजून आहे. गेलाच नाही.

बिब्ब्याची गोडंबी आम्हीही खातो, बाळंतिणीच्या लाडवात घालतो, बिब्ब्याला मी नावं ठेवत नाही. पण कातडीवर नका लावू हो. चुना-सोड्याचंही तेच.

पराटीवाला_आर्णी
वहिनी, वाचून अंगावर काटा आला. मले पारावर एकानं बिब्ब्याचंच सांगतलं होतं. अन् खरं सांगतो, बायकोनं नाई म्हटलं म्हनून नाई लावला, नाईतं काल लावनारच होतो.

त्वचेचा_डॉक्टर
वहिनी, लिहिलंत ते फार चांगलं केलं. बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं कातडी जाळतात आणि वर अ‍ॅलर्जीही करतात, म्हणून थेंब लहान आणि जखम मोठी. चुकून लागलाच तर लगेच भरपूर पाणी आणि साबण, चोळायचं नाही, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, आणि फोड यायच्या आधी दवाखाना.

आणि रक्त आलं तर काय करायचं ते कोणी सांगत नाही म्हणून माणसं घाबरतात. लाल तीळ म्हणजे वाहिन्यांचा गुच्छ, त्यामुळे खरचटला की आकाराच्या मानानं जास्त रक्त येतं. स्वच्छ कपड्याची घडी ठेवून १० मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उचलून पाहायचं नाही, घड्याळ लावा. बहुतेक वेळा थांबतं. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका.

लोणारचा_मास्तर
धागा चांगला चालला आहे पण एक बाजू राहून जाईल म्हणून लिहितो. लाल ठिपके निरुपद्रवी असतात एवढंच डोक्यात ठेवून कोणी बसू नये. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास माझ्या मुलीला ताप आला, नववीत होती. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी उतरला, आम्ही खूश. दुपारी हिनं तिचे केस विंचरताना पाहिलं, मानेवर आणि हातावर सुईनं टोचल्यासारखे बारीक लाल-जांभळे ठिपके, सपाट, हाताला अजिबात न लागणारे. सकाळी नव्हते. संध्याकाळी पायावर, पोटऱ्यांवर दाट झाले. पोर म्हणाली पोट दुखून राहिलं आणि दोनदा उलटी झाली. मला वाटलं गोवर निघाला असेल, तापानंतर अंगावर येणं चांगलंच असं आमची आई म्हणायची. शेजारच्या आशाताईंनी पायाचे ठिपके ग्लासनं दाबून पाहिले आणि त्या माझ्यावर ओरडल्याच, मास्तर गाडी काढा म्हणाल्या. रात्री जिल्ह्याला पोचलो, प्लेटलेट २२ हजार, डेंग्यू. सहा दिवस ॲडमिट. पोर वाचली. ताप उतरला म्हणून आम्ही घरी बसणार होतो हे आठवलं की मला अजूनही घाम फुटतो.

उपकेंद्रातली_ताई
मास्तर, हे वाचून बरं वाटलं की कोणीतरी सांगितलं. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरतानाच असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि लोक तेव्हाच म्हणतात बरं झालं. पोट सतत दुखणं, उलट्या, हातपाय गार, पोर सुस्त पडणं, कुठून रक्त, यातलं एक जरी दिसलं तर रात्र पाहू नका. प्लेटलेट साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात, त्या खूप खाली गेल्या की बारीक वाहिन्यांतून रक्त झिरपून कातडीत येते, ते हे ठिपके. हे रक्त वाहिनीच्या बाहेर आलेलं असते म्हणून काचेनं कितीही दाबा, जात नाही.

डॉक्टर साहेबांनी सांगितलेला लाल तीळ पण काचेनं पूर्ण जात नाही, हे माझ्या ध्यानात आहे, म्हणून नुसत्या ग्लासवर निर्णय करू नका. मी आमच्या आशांना असं सांगते : जुना, एकटा-एकटा, उंच, मण्यासारखा, तो राहू दे. आजच आलेला, सपाट, सुईच्या टोकाएवढा, घोळक्यानं आलेला, पायावर जास्त, आणि ताप आहे किंवा होता, तो त्याच दिवशी दवाखान्यात. सावळ्या पोराच्या अंगावर दिसत नसेल तर तोंड उघडून टाळू पाहा, खालची पापणी ओढून पाहा, तळहात पाहा.

आणि हात जोडून सांगते, पावसाळ्यात तापाला ब्रुफेन, डायक्लो, ॲस्पिरिन नाही. गावात येऊन कंबरेत सुई टोचणारे असतात त्यांच्याकडून नाहीच. पॅरासिटामोल आणि भरपूर पाणी, ताक, शरबत, आणि रक्ताची तपासणी.

झाडीपट्टीवाला
आमच्याकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यात काम करताना किडा चावते मग लाल होते ते पण यातच येते का? २०१८ ले नागपूर भागात स्क्रब टायफस निघाला होता तवापासून लोक घाबरतात.

त्वचेचा_डॉक्टर
चांगली आठवण काढली. स्क्रब टायफस गवतात, झुडपात राहणाऱ्या अगदी बारीक कोळीवर्गीय किड्याच्या पिल्लांमुळे होतो, ती डोळ्याला दिसणं कठीण, गोचीड वेगळी. जिथं चावतं तिथं पुष्कळांना, सगळ्यांना नाही, काळी खपली धरते, सिगारेटचा चटका दिल्यासारखी, भोवती लाल कडं, आणि विशेष म्हणजे दुखत नाही. जागाही लपलेली, काख, जांघ, कमरेचा करगोटा असतो तिथे, बाईमाणसांत छातीखाली. म्हणून जोराचा ताप, डोकं दुखणं आणि शेतात-गवतात काम असेल तर घरच्या माणसाकडून सगळं अंग तपासून घ्या आणि खपली दिसली तर डॉक्टरला स्वतःहून दाखवा, ती सापडली की निदान झालंच म्हणून समजा. औषध जुनं, स्वस्त आणि गुणकारी आहे, उशीर मात्र महागात पडतो.

हिंगणघाट_२२
मी सात महिन्यांची आहे (गरोदर). माझ्या गळ्याखाली आणि गालावर लाल ठिपके आलेत पण ते गोल नाहीत, मधे एक बिंदू आणि त्यातून बारीक लाल रेषा निघतात, कोळ्याच्या पायासारख्या. मधल्या बिंदूवर पेनाचं टोक दाबलं तर सगळ्या रेषा गायब आणि सोडलं की मधून बाहेर पुन्हा भरते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मला मात्र टेन्शन आलं, बाळाला काही होईल का?

त्वचेचा_डॉक्टर
बाळाला काही होत नाही ताई. निरीक्षण फार छान केलं तुम्ही, शिकणारी मुलंसुद्धा एवढं नीट सांगत नाहीत. याला स्पायडर नीव्हस म्हणतात, मधली एक बारीक धमनी फुगते आणि तिच्या फांद्या दिसतात, म्हणूनच मधे दाबलं की सगळं रिकामं होतं. गरोदरपणात हार्मोन्समुळे येतात, बहुतेक बाळंतपणानंतर काही महिन्यांत जातात. लहान मुलांच्या गालावरही एखाद-दुसरा असतो, तोही साधा.

पण हाच प्रकार एखाद्या पुरुषाच्या छातीवर, गळ्यावर पाच-सातच्या वर झाला, आणि दारू आहे किंवा डोळे पिवळे, पोट फुगलेलं, तळहात लाल आहेत, तर लिव्हरची तपासणी करायची. पारावरच्या माणसानं लिव्हरचं म्हटलं ते बहुधा यावरूनच कुठेतरी ऐकलं असेल, फक्त ठिपका वेगळा.

नाव_नको
विचारायला लाज वाटते पण इथं कोणी ओळखत नाही म्हणून विचारतो. वय ५१. खालच्या जागी, अंडाच्या पिशवीवर बारीक काळपट लाल दाणे आहेत, बरेच. सात-आठ वर्षं झाली. खाज नाही. बायकोशिवाय माझा कोणाशी संबंध नाही, तरी मनात येते की गुप्तरोग तर नाही. दोन वर्षांपासून बायकोपासून लांबच राहतो, तिला कारण सांगितलं नाही.

त्वचेचा_डॉक्टर
दादा, यात लाजण्यासारखं काहीच नाही. तुम्ही सांगता तसे दाणे पन्नाशीच्या पुष्कळ पुरुषांना असतात, फोरडाइसचे अँजिओकेराटोमा म्हणतात, तिथल्या वाहिन्या फुगून वर कातडी जराशी जाड होते म्हणून रंग काळपट. लाल तिळाच्याच नात्यातलं. गुप्तरोग नाही, कोणाकडून आलेलं नाही, बायकोला लागत नाही. एकदा त्वचेच्या ओपीडीत दाखवून खात्री करा, दोन मिनिटं लागतात, आणि शक्य झालं तर वहिनींना सोबत न्या म्हणजे त्यांच्याही कानावर डॉक्टरच्या तोंडून पडेल. दोन वर्षं त्यांनी काय काय विचार केला असेल.

नाव_नको
धन्यवाद साहेब. जातो.

मोर्शीकर
मेडिकलवाल्यानं मला अशाच ठिपक्यांना ट्यूब दिली होती, नायट्याला पण तीच, खाजेला पण तीच. दोन महिने लावली.

त्वचेचा_डॉक्टर
ताबडतोब डॉक्टरला दाखवा, ट्यूब सोबत न्या. बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूचं औषध एकत्र. लाल तिळाला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट महिनोन्‌महिने लावल्यानं कातडी कागदासारखी पातळ होते आणि खालच्या वाहिन्या आणखी उठून दिसतात, म्हणजे लाली घालवायला लावलं आणि लाली वाढली. नायट्याला लावलं तर नायटा दबतो आणि पसरतो. निम्मी ओपीडी आजकाल याचीच असते, फार वाईट वाटतं.

वरोऱ्याची_आजी
माझ्या नातवाच्या ठिपक्यासाठी विचारते. सहा महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा डोक्यावर काही नव्हतं, पंधरा दिवसांनी लाल ठिपका आला आणि आता बोरासारखा फुगला. आम्ही लासं म्हणतो, ग्रहणात सुनेनं काही चिरलं असेल म्हणतात. सून रोज रडते.

त्वचेचा_डॉक्टर
आजी, सुनेचा काही दोष नाही, ग्रहणाचा पण नाही, हे तिला आजच सांगा. याला लहान मुलांचा हिमँजिओमा म्हणतात. पहिले काही महिने भराभर वाढतो, मग थांबतो आणि पुढची काही वर्षं हळूहळू ओसरतो, फिकट पडतो. डोक्यावर केसात असेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. पण डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर असेल, जखम होत असेल किंवा पाच अथवा जास्त असतील तर लवकर दाखवा. आता प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध देतात, २००८ साली फ्रान्सच्या डॉक्टरांना ते योगायोगानं लक्षात आलं, हृदयासाठी दिलं होतं आणि बाळाचा हिमँजिओमा बसायला लागला. ते तज्ज्ञाच्या देखरेखीतच. डाग देणं, चटका देणं काही करू नका.

वरोऱ्याची_आजी
सुनेला वाचून दाखवलं. एक अजून विचारते, आमच्या भागात आनंदवन जवळ असल्यानं लहानपणापासून महारोगाचं ऐकत आलो, चट्टा दिसला की जीव धसकतो. लाल ठिपका म्हणजे ते तर नाही ना?

उपकेंद्रातली_ताई
नाही आजी. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो पण त्याला संवेदना नसते, कापसाची वात फिरवली तर कळत नाही, तिथे घाम येत नाही, केस झडतात. मण्यासारखा लाल ठिपका तो नाही. आणि तसा बधिर चट्टा कोणाला असलाच तरी लपवू नका, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत आणि पूर्ण बरा होतो, लवकर आला तर हातापायाला काहीच होत नाही.

पराटीवाला_आर्णी
काल जाऊन आलो. मायले पन नेलं, कारन तिचा एक ठिपका दिवाळीपासून काळा पडला होता, मले सांगतलंच नव्हतं. डॉक्टरबाईनं छोट्या दुर्बिनीसारखं काहीतरी लावून एक-एक पाह्यला. माह्ये सगळे लाल तीळ. मायचा काळा झालेला पन लाल तीळच, आतलं रक्त गोठलं म्हने, पन कड जराशी वाकडी वाटली म्हनून फोटो काढून ठेवला अन् दोन महिन्यांनी परत या म्हने, काळा ठिपका असा अंदाजानं सोडाचा नसते, रंग दोन-तीन प्रकारचे झाले, वाढला, जखम होऊन भरली नाई तं आधीच या. गोळी नाई, ट्यूब नाई. माह्या मनासाठी बीपी, शुगर तपासली. बीपी थोडा वाढेल निंघाला, ते म्हने हे ठिपक्यापेक्षा कामाचं हाये, मीठ कमी करा अन् पंधरा दिवसांनी परत मोजा.

घरी येताना मायले म्हटलं, एवढे दिवसांचा काळा झाला तं बोलली काऊन नाई. तं म्हने तू पराटीत असते, तुह्या डोक्याले आधीच ताप, त्यात माह्या पोटाचं काय सांगू. मंग मी काही बोललो नाई. बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिन्यांनंतरच्या तारखेले पेनानं गोल केला, अन् पंधरा दिवसांनी माह्या बीपीचा.

झाडीपट्टीवाला
भौ दवाखाना कोनत्या वारी असते ते सांगजो, माह्या वहिनीले दाखवाचं हाये.

पराटीवाला_आर्णी
आमच्याकडं त्वचेच्या डॉक्टरबाई गुरुवारी बसते, सकाळी नऊले चिठ्ठी काढाची. तुमच्या जिल्ह्याचं तिथंच इचारून घेजा, आशाताईले माहीत राह्यते. जाताना पोलकं, शर्ट ढिला घालून जाजा, सगळं अंग पाह्यतेत.

उपकेंद्रातली_ताई
आणि जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, लावलेल्या ट्यूबा सगळ्या पिशवीत घालून न्या.